बँकॉकमधला थोडक्या दिवसांचा मुक्काम : आपले अनुभव

सुट्टी थोडी, शहर अफाट आणि वाहतुकीची कोंडी रोजचीच, अशा स्थितीत बँकॉकमध्ये आपण काय पाहिले, काय सोडले आणि कसे फिरलात, हे कृपया सविस्तर लिहावे. पटाया व फुकेत हे विषय येथे नकोत, कारण बहुतेक सहलींत या शहराच्या वाट्याला खरेदीपुरताच वेळ येतो आणि ते मला फार खटकते.

(ठाण्याहून)
सत्तरी ओलांडलेली आई बरोबर असल्याने आम्ही रोज एकच मोठे ठिकाण ठरवत होतो. राजवाडा सकाळी साडेआठला उघडतो आणि त्याच वेळी आत गेल्यास ऊन व गर्दी या दोन्हींचा त्रास बराच कमी होतो. बहुतेक लोक राजवाड्याच्या आवारातील वाट फ्रा केओ या मंदिरातील (थाई भाषेत ‘वाट’ म्हणजे मंदिर) हिरव्या पाषाणाच्या बुद्धमूर्तीचे दर्शन घेऊन बाहेर पडतात. मूर्ती जेमतेम 66 सेंटिमीटर उंच आहे आणि वर्षातून तीनदा, ऋतू बदलताना, राजाच्या हस्ते तिचा पोशाख बदलला जातो. मात्र सभोवतीच्या ओवऱ्यांत 178 भित्तिचित्रांतून रंगवलेले रामकियन, म्हणजे थाई रामायण, पाहायला वेगळा वेळ काढायलाच हवा. एका चित्रात पांढराशुभ्र मारुती प्रचंड रूप धारण करून बसला आहे आणि मैयरापाने, म्हणजे आपल्या महिरावणाने, रामाला पळवून नेऊ नये म्हणून त्याने रामाचा मंडपच तोंडात धरला आहे. अहिरावण-महिरावणाची गोष्ट लहानपणापासून पाठ असल्यामुळे हा प्रसंग आईने माझ्याआधी ओळखला. थाई कथेत मारुती ब्रह्मचारी नसून रावणाची मत्स्यकन्या सुवर्णमच्छा हिच्यापासून त्याला मुलगा होतो, हे मी सांगितले, तेव्हा तिने लगेच मकरध्वजाचे नाव घेतले आणि मग एकेका चित्रासमोर थांबत आमची सगळी सकाळ तिथेच गेली.

(पुण्याहून)
नदीकाठची ठिकाणे पाहण्यासाठी रस्त्याने जाऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बीटीएस या उन्नत रेल्वेच्या सफान ताक्सिन स्थानकाखालीच साथोर्नचा धक्का आहे आणि तेथून नारिंगी झेंड्याची बोट चाओ फ्राया नदीतून वर जाते. बोटीच्या मागच्या टोकाला उभा असलेला माणूस शिट्टीच्या खुणा देतो, त्यावर चालक बोट धक्क्याला लावतो आणि क्षणभरात चढउतार उरकते, म्हणून लहान मुलांचा हात धरूनच पुढे व्हावे. था तियेनच्या धक्क्यावर उतरले की वाट फो अगदी जवळ आहे. तेथील पहुडलेला बुद्ध 46 मीटर लांब असून त्याच्या तळपायांवर शिंपल्यांच्या जडावात 108 मंगलचिन्हे आहेत. तेथूनच नावेने पलीकडे गेल्यावर वाट अरुण लागते. दुरून करडा दिसणारा त्याचा मनोरा जवळून पाहिल्यावर चिनी मातीच्या बशा व वाट्यांच्या तुकड्यांनी घडवलेल्या फुलांनी भरलेला दिसतो. मला संपूर्ण शहरात सर्वांत आवडलेली वस्तू हीच.

(नागपूरहून)
राजवाड्याबाहेर एका गृहस्थाने अत्यंत सभ्यपणे आज राजवाडा बंद असल्याचे सांगितले आणि स्वस्तात टुकटुकने दुसरी मंदिरे दाखवण्याची तयारी दर्शवली. अशी वाहने शेवटी रत्नांच्या किंवा कपड्यांच्या दुकानात नेतात, हे वाचलेले असल्यामुळे आम्ही सरळ प्रवेशद्वारापर्यंत चालत गेलो आणि ते उघडेच होते. खांदे व गुडघे झाकणारे कपडे मात्र हवेतच.

(दुबईहून)
आमच्या घरी कांदा-लसूणही वर्ज्य आहे. केवळ मांस नको असे सांगून भागत नाही, कारण पुष्कळ भाज्यांत माशांपासून केलेला नाम प्ला नावाचा रस घालतात. ‘जे’ हा शब्द उच्चारावा. पिवळ्या पाटीवर लाल किंवा हिरव्या थाई अक्षरांत तो लिहिलेला असतो आणि त्या पद्धतीच्या जेवणात मांस, मासे, अंडी, दूध, कांदा व लसूण यांपैकी काहीही नसते. फाहुरात या भारतीय वस्तीत गुरुद्वारा व पंजाबी खानावळी आहेत, पण आम्हाला ‘जे’च्या गाड्यांवरचे टोफू आणि नूडल्स अधिक रुचले.

(सांगलीहून)
सीलोममधील तमिळ पद्धतीच्या मरिअम्मन देवळात भाविकांमध्ये थाई लोकच अधिक दिसले आणि त्यांची श्रद्धा पाहून मन भरून आले. परतीच्या वेळी सुवर्णभूमी विमानतळावरील समुद्रमंथनाचे भव्य शिल्प पारपत्र तपासणीच्या पलीकडे लागते, तेव्हा ते निवांत पाहायचे असल्यास विमानतळावर थोडे लवकर पोहोचावे.