मदत हवी आहे: झुलता पूल + नदीकाठचा ट्रेक, एका दिवसाची गाईडेड ट्रिप (अर्जंट!!)

सांगलीचा_पाव्हणा (गुरुवार, रात्री ९:४०)
नमस्कार मंडळी. आई-बाबा आलेत. शनिवारी त्यांना झुलता पूल दाखवायचाय आणि नदीकाठानं थोडं चालवायचंय. एका दिवसात दोन्ही उरकणाऱ्या दोन गाईडेड ट्रिपा सापडल्यात. एक मोठ्या पुलाची, महाग. दुसरी छोट्या पुलाची, तिच्यात नदीकाठचं चालणं जास्त आणि पैसे जवळजवळ निम्मे. दोन्हीकडं 'मध्यम' असं लिहिलंय. आज रात्री बाराच्या आत बुक केलं तर सूट आहे. कुणी केलीय का? कुठली घेऊ? गूगल करून बघ असं कृपया सांगू नका, तीन तास तेच करतोय.

घाटवाट (९:५२)
कुठला पूल, कुठली नदी, कुठला देश? की आम्ही कवड्या टाकून सांगायचं?

मामी_ठाणेवाल्या (९:५५)
ऋषिकेशला जात असाल तर लक्ष्मण झुल्याचं मनात धरू नका. २०१९च्या जुलैत तो धोकादायक म्हणून बंद केला. आम्ही राम झुल्यावर गेलो होतो, तिथे माकडाने यांचा चष्मा पळवला. पुढचे चार दिवस मी यांना हाताला धरून फिरवलं. गाईड घेऊ नका, चष्म्याला दोरी लावा.

फ्रँकफुर्टकर (९:५८)
जर्मनीत असाल तर थेट गाइअरलाय. मोएर्सडोर्फ गावाजवळ आहे, २०१५ साली झाला, ३६० मीटर लांब, १०० मीटर उंच आणि पुलावर जायला छदाम लागत नाही. गाईडबिईडची भानगडच नाही.

सांगलीचा_पाव्हणा (१०:०३)
सॉरी सॉरी. व्हँकुव्हर, कॅनडा! मोठा म्हणजे कॅपिलानो, छोटा म्हणजे लिन कॅन्यन. मला वाटलं मागच्या धाग्यामुळं सगळ्यांना माहीत असेल मी इथं असतो ते.

घाटवाट (१०:०५)
तुमचा मागचा धागा बिडाच्या तव्याला गंज चढल्याबद्दल होता.

नॉर्थव्हॅनकर (१०:११)
मी इथे राहते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. कॅपिलानो खाजगी आहे. पूल १४० मीटर लांब, नदीपासून ७० मीटर वर. तिकीट माणशी चांगलंच महाग, वर कर. लिन कॅन्यनचा पूल त्याहून आखूड, उंची ५० मीटर, १९१२ सालचा, आणि बाग सार्वजनिक असल्यामुळे फुकट. नदीकाठाने चालायचं असेल तर लिनच. कॅपिलानोच्या तिकिटात झाडांवरचे छोटे पूल आणि कड्याला लटकवलेला रस्ता मिळतो, पण नदी तुम्ही बघता ती वरून. पाण्याजवळ जात नाही. ज्या पुलाला तिकीट नाही तिथे जायला गाईडला पैसे कशाला द्यायचे, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

डेल्टाच्या_काकू (१०:१९)
पटवून मी देते. लिनचा पूल इतका अरुंद की समोरून माणूस आला की अंग चोरून उभं राहायचं. रविवारी दुपारी तिथे दादरचा जिना असतो. आई-बाबा आयुष्यात एकदा येणार, त्यांना फुकटातलं कसलं दाखवताय? कॅपिलानो १८८९चा, पहिला पूल वाखाच्या दोराचा आणि सीडरच्या फळ्यांचा होता. ती सगळी माहिती तिथे लावलेली असते, सासऱ्यांनी एकूण एक पाटी वाचली. शिवाय इथला पत्ता दाखवला की एका तिकिटात वर्षभराचा पास होतो.

नॉर्थव्हॅनकर (१०:२२)
काकू, पास इथल्या रहिवाशांना. पाहुण्यांना नाही. पाहुण्यांसाठीच तर विचारताहेत ते.

डेल्टाच्या_काकू (१०:२३)
मी रहिवाशांसाठीच लिहिलं. इतर वाचतात धागा.

अभ्यासू_बाळ (१०:२६)
अवांतर: आत्ताचा कॅपिलानो १८८९चा नव्हे. १९०३ला तारेचे दोर आले, १९५६ला पूल नव्याने बांधला. '१८८९चा पूल' म्हणणं म्हणजे आजोबांची कुऱ्हाड: पातं दोनदा बदललं, दांडा तीनदा, कुऱ्हाड तीच.

घाटवाट (१०:२९)
धागाकर्ते, वय किती दोघांचं? किती चालतात? उंचीची भीती? गाडी आहे का? हे नसेल तर सगळं हवेत.

सांगलीचा_पाव्हणा (१०:३३)
बाबा ६९, एकदम ठणठणीत. आई ६४. रोज फिरायला जातात दोघंही. गाडी आहे. मुद्दा एवढाच की कॅपिलानो की लिन. दीड तास राहिला.

कोकणातला_गोट्या (१०:३६)
ही एवढी चर्चा बघून मजा वाटते. आमच्याकडे पावसाळ्यात व्हाळावर साकव घालतात, दोन पोफळी आणि वर फांद्या. आजी डोक्यावर पाटी घेऊन जायची. तिकीट नाही, गाईड नाही. हघ्या (हलकेच घ्या).

मामी_ठाणेवाल्या (१०:३८)
आजीचे गुडघे शाबूत होते गोट्या. आमचे आहेत का?

सांगलीचा_पाव्हणा (१०:४१)
हां, गुडघ्यावरून आठवलं. आईच्या उजव्या गुडघ्याचं जानेवारीत ऑपरेशन झालंय, बदललाय. पण डॉक्टर चाला म्हणालेत. म्हणून तर ट्रेक.

घाटवाट (१०:४२)
हे पहिल्या ओळीत लिहायचं असतं हो पाव्हणं.

नॉर्थव्हॅनकर (१०:५०)
मग आता माझंच मत बदलते. लिनला पुलापलीकडे गेलं की खरं चालणं सुरू होतं, आणि ते म्हणजे पायऱ्या. थर्टी फूट पूलकडे (हा 'पूल' म्हणजे डोह) जा नाहीतर ट्विन फॉल्स धबधब्याकडे, लाकडी जिने आणि मधे झाडांची मुळं. पाऊस पडून गेला की मुळं साबण लावल्यासारखी होतात. बदललेल्या गुडघ्याला चढ एक वेळ जमतो, उतार जड जातो. माझ्या आईचं हेच झालं. त्यात गाईडेड म्हणजे दहा-बारा अनोळखी माणसं पुढे आणि तुम्ही मागे. गाईड वळणावर थांबून हसतमुखाने वाट बघतो. माझ्या आईला दुखण्याहून जास्त त्या हसण्याचा त्रास झाला. "माझ्यामुळे सगळे खोळंबलेत" हे ती घरी येईपर्यंत म्हणत होती.

डेल्टाच्या_काकू (१०:५३)
म्हणजे कॅपिलानोच. हेच मी मघापासून सांगतेय.

नॉर्थव्हॅनकर (१०:५८)
तिथेही जपून. पूल मधे खोलगट आहे, म्हणजे अर्धा उतार, अर्धा चढ, आणि तेवढंच परत. तो झोपाळ्यासारखा मागे-पुढे झुलत नाही. समोरून येणाऱ्याचं पाऊल क्षणभराने तुमच्या पायाखाली येऊन पोचतं. तुम्ही पाय टाकताय तोवर फळी आपणहून वर आलेली असते. तरण्या गुडघ्याला गंमत वाटते. आईंना नेलंत तर दार उघडता उघडता, गर्दी व्हायच्या आत. एक हात दोराला, दुसरा हात मोकळा. तुमचा हात देऊ नका. दोघं हलता तेव्हा दुप्पट हलतं.

फ्रँकफुर्टकर (११:०१)
गाइअरलायला पण अगदी असंच वाटतं.

सांगलीचा_पाव्हणा (११:०४)
ओके. मग कॅपिलानोची गाईडेड घेतो. पिकअप डाउनटाउनमधल्या हॉटेलांवरून सकाळी ८ ला. आम्ही सरेला राहतो, किंग जॉर्ज स्टेशनजवळ. बाबागाडी बसमध्ये ठेवू देतात का?

घाटवाट (११:०५)
बाबागाडी????

सांगलीचा_पाव्हणा (११:०७)
मुलगी दीड वर्षाची आहे. ती येणारच की. घरी कुणाजवळ ठेवू?

मामी_ठाणेवाल्या (११:०८)
अगंबाई. अजून कोण कोण येणारे ते एकदाच सांगून टाका.

डेल्टाच्या_काकू (११:१२)
बाबागाडी पुलावर नेता येत नाही. बाळाला पाठुंगळीच्या बॅगेत घ्या. आणि सरेहून पहाटे उठून डाउनटाउनला यायचं, तिथून बस, ती परत खाडी ओलांडून नॉर्थ व्हँकुव्हरला? तुमच्याकडे गाडी आहे ना?

सांगलीचा_पाव्हणा (११:१४)
आहे, पण शनिवारी बायको कामावर घेऊन जाते. म्हणूनच गाईडेड शोधत होतो. तेही लिहायला हवं होतं का?

नॉर्थव्हॅनकर (११:२१)
😀 गाडी नसेल तरी अडत नाही. किंग जॉर्जहून स्कायट्रेनने वॉटरफ्रंट, तिथून सीबसने बारा मिनिटांत लॉन्सडेल की. आई-बाबांना ती बोटच पुलाइतकी आवडेल. मग २३६ नंबरची बस, तीच कॅपिलानो पुलासमोर थांबते आणि पुढे क्लीव्हलँड धरणाशी जाते. तिथे कॅपिलानो नदीचं सार्वजनिक उद्यान आहे, हे पर्यटकांना कुणी सांगत नाही. धरण १९५४चं, ९१ मीटर उंच. व्हँकुव्हर परिसराच्या नळाला येणारं बरंचसं पाणी त्याच्यामागचं. खाली नदीकाठी मत्स्यबीज केंद्र आहे, फुकट. धरणाहून केंद्राकडे उतरायला लागतं, म्हणून आईंना घेऊन जायचं तर रविवारी गाडीने जा. गाडी केंद्राच्या दारापर्यंत जाते, तिथून सपाट. सध्या सप्टेंबर आहे, मासे वर चढताहेत. काचेतून दिसतात.

अण्णा_मिरज (११:२६)
नदीत उतरता येतं का? तुमचे वडील सांगलीचे, म्हणजे कृष्णेत पोहलेले असणार. त्यांना काठानं फिरवून आणणार आणि पाण्यात पाय बुडवू देणार नाही?

सांगलीचा_पाव्हणा (११:२८)
बाबा आल्यापासून हेच विचारताहेत. बॅगेत टॉवेल घेतलाय त्यांनी.

नॉर्थव्हॅनकर (११:३३)
कृपा करून नको. लिन काय, कॅपिलानो काय, दोन्ही नद्या घळीतून वाहतात. पाणी डोंगरावरून येतं, भर उन्हाळ्यात पाय बधिर होतात. लिनला कड्यावरून उड्या मारून माणसं गेलीत, तशा पाट्याच आहेत. आणि कॅपिलानोत धरणाच्या खाली तर अजिबात नको. १ ऑक्टोबर २०२० ला धरणाचं दार अचानक उघडलं गेलं, खाली मासे धरणारे वाहून गेले. बाप-लेक दोघे दगावले. त्यानंतर तिथे भोंगे बसवलेत. भोंगा वाजला की टॉवेल तिथेच टाकायचा आणि वर यायचं.

अण्णा_मिरज (११:३५)
बरं. हे माहीत नव्हतं. पोहण्याचं रद्द.

कोकणातला_गोट्या (११:३६)
मासे कुठले म्हणालात?

नॉर्थव्हॅनकर (११:३७)
सामन. कोहो आणि चिनूक.

कोकणातला_गोट्या (११:३८)
म्हणजे रावस.

अभ्यासू_बाळ (११:४०)
रावस म्हणजे सामन नव्हे. हॉटेलवाले 'इंडियन सामन' लिहितात म्हणून लोकांचा समज झालाय. रावस वेगळ्या कुळातला, त्याच्या गळ्याशी दोऱ्यासारखे तंतू असतात. तो समुद्र सोडून डोंगर चढून अंडी घालायला जात नाही.

कोकणातला_गोट्या (११:४१)
आमच्याकडे पन्नास वर्षं रावस विकतात, आम्हाला तू दोरे दाखव.

डेल्टाच्या_काकू (११:४३)
इथलं सामन खोबरं-कोकमात चांगलं लागत नाही. तेल सुटतं. नुसतं तिखट-मीठ-हळद आणि रव्यात घोळवून तव्यावर. कातडी आधी खाली.

मामी_ठाणेवाल्या (११:४४)
काकू, वेगळा धागा काढा ना याचा. साठवून ठेवते.

घाटवाट (११:४६)
चौदा मिनिटं राहिली. धागाकर्ते आहेत का?

सांगलीचा_पाव्हणा (११:५८)
आहे. मुलगी उठली होती. नाही बुक करत.

सुपरव्हिसा_सल्ला (शुक्रवार, सकाळी ७:१५)
आई-बाबांचा प्रवास विमा काढलाय का? जुन्या आजारांचं कलम नीट वाचा, गुडघा त्यात धरतात का ते बघा. व्यनि (खाजगी निरोप) करा, मार्गदर्शन करीन.

घाटवाट (सकाळी ७:२०)
आले.

सांगलीचा_पाव्हणा (रविवार, रात्री १०:०५)
सगळ्यांचे आभार. वृत्तांत देतो, थोडक्यात.

शनिवार घरीच गेला. आज गाडीनं गेलो, आधी मत्स्यबीज केंद्र. आत अंधारी जागा आहे, भिंतीला काच, पलीकडं हिरवं पाणी आणि पायऱ्या-पायऱ्यांनी चढणारे मासे. एक हातभर लांब, कल्ल्याजवळ खरचटलेला, उडी मारायचा, पडायचा, पुन्हा काचेपाशी येऊन श्वास घेत थांबायचा. आई बाकावर बसली ती चाळीस मिनिटं उठली नाही. "गेला का गं वर?" असं शेजारच्या चिनी आजींना मराठीत विचारत होती, आणि त्या मान हलवून काहीतरी उत्तर देत होत्या. आमची मुलगी काचेला नाक लावून.

नंतर नदीकाठानं पाच-सात मिनिटं चाललो. जिथून चढ लागतो तिथून परत. आई म्हणाली बास. मी म्हटलं पूल? ती म्हणाली, "तुम्ही या जाऊन, मी इथंच आहे."

पुलावर मग मी, बाबा आणि पाठीवर मुलगी. काकू, तिकीट खरंच जड आहे. बाबांनी पाट्या सगळ्या वाचल्या. मधोमध गेल्यावर खाली बघून म्हणाले, "पाणी स्वच्छ आहे." त्यांच्या खांद्यावर टॉवेल होता. गेटवर एका माणसानं त्याकडं जरा बघितलं, पण काही बोलला नाही.

पुढच्या रविवारी आईला परत मासे बघायचेत. नॉर्थव्हॅनकर, मासे कधीपर्यंत असतात?

नॉर्थव्हॅनकर (१०:१४)
नोव्हेंबरपर्यंत दिसतात. येणार असाल तर सांगा, माझ्या आईलाही घेऊन येते. तिलाही बाकच आवडतो.

कोकणातला_गोट्या (१०:२०)
तो खरचटलेला गेला का वर?

सांगलीचा_पाव्हणा (१०:२२)
आई म्हणते गेला. मी पुलावर होतो.

नवी_सून_नागपूर (सोमवार, दुपारी १:०५)
छान धागा. आम्हाला पण झुलता पूल आणि थोडं ट्रेकिंग असं एका दिवसात करायचंय, दिवाळीत. कुठलं पॅकेज घ्यावं? लवकर सांगा.

घाटवाट (१:०६)
कुठला पूल?