डे-केअर सेंटर झालं म्हणून परळच्या टाटा हॉस्पिटलची रांग हटणार?

माणदेशी (धागाकर्ता)
शेजारच्या धाग्यावर एका सद्गृहस्थांनी ठोकून दिलंय: "२०२५च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत प्रत्येक जिल्हा रुग्णालयात कॅन्सर डे-केअर सेंटर जाहीर झालं, पहिल्या वर्षी २००. आता खेड्यातल्या पेशंटला परळ गाठायची गरज नाही. रडणाऱ्यांनी आवरतं घ्यावं." तिथेच उत्तर द्यायला बसलो, ते लांबलं, म्हणून हा वेगळा धागा.

अहो, डे-केअर म्हणजे केमोची सलाईन लावायची जागा. आपल्याकडच्या पुरुषाला काय होतं? मशेरी-तंबाखूने गालाचा कॅन्सर. त्याचं ऑपरेशन होतं आणि मग साधारण ३० वेळा लाइट (रेडिएशन), आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे सहा आठवडे मुक्काम. मध्ये आठवडाभर पेरणीला गावी गेला की उरलेल्या पेशी पुन्हा जोर धरतात आणि आधी घेतलेला डोस बऱ्याच अंशी पाण्यात. त्याला डे-केअरचा उपयोग काय?

बरं, केमोपुरतं बोलू. चार खाटा आणि फीत कापायला पालकमंत्री एवढ्यावर केमो होत नाही. औषध भरायला बायोसेफ्टी कॅबिनेट (औषधाची वाफ बाहेर येऊ न देणारी पेटी) लागतं, नाहीतर सिस्टर रोज ते हुंगत बसते. केमोच्या दर सायकलच्या (फेरीच्या) सकाळी सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशी मोजल्याचा, रिपोर्ट हातात लागतो, तोही दुपारी दोनला नव्हे, कारण मुक्कामी गाडी चुकते. ॲड्रियामायसिनसारखं केमोचं औषध शिरेबाहेर गेलं तर हाताची कातडी सडते, म्हणून शीर धरणारी सिस्टर तीच राहायला हवी. दर तीन महिन्यांनी तिची बदली नको. सर्वात मोठी फट म्हणजे सातव्या ते चौदाव्या दिवसातला ताप. पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असतात. १००.४च्या वर ताप गेला की तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक हवं. पेशंट जातो जवळच्या दवाखान्यात, तिथे पॅरासिटामॉल देऊन घरी. डे-केअर पाचला बंद. रात्री फोन कोण उचलणार, हे कुठल्या जीआरमध्ये आहे?

कोबाल्ट६०
निदानाशी सहमत, औषधाशी नाही. लाइटसाठी परळ कशाला? भाभा अणुसंशोधन केंद्राने भाभाट्रॉन हे कोबाल्टवर चालणारं लाइटचं मशीन बनवलंय ना. लिनॅकला, म्हणजे विजेवर चालणाऱ्या लाइटच्या मशीनला, चिलर लागतो, एसी लागतो, वीज खालीवर झाली की रुसतो, आतला मॅग्नेट्रॉन गेला की कंपनीचा माणूस येईपर्यंत मशीन बंद. कोबाल्टचं तसं नाही. मान आणि जबड्याची जाडी ती किती? पुरतो तेवढ्याला.

माणदेशी
कोबाल्टचं अर्धायुष्य ५.२७ वर्षं. पहिल्या वर्षी दोन मिनिटं लागणाऱ्या पेशंटला पाच वर्षांनी चार लागतात. सोर्स (आतला कोबाल्ट) वेळेवर बदलला नाही की दिवसाचे पेशंट निम्मे. शिवाय साध्या कोबाल्टवर लाळग्रंथी वाचवता येत नाहीत. कॅन्सर जातो, पण तोंड कायमचं कोरडं, भाकरी पाण्यात कुस्करून खायची. आणि मशीन कुठलंही आणा, मेडिकल फिजिसिस्ट आणि रेडिएशन सेफ्टी ऑफिसर नसेल तर एईआरबी (अणुऊर्जा नियामक मंडळ) चालू करू देत नाही.

कोबाल्ट६०
कोरडं तोंड परवडलं, मेलेल्या माणसाला लाळ लागत नाही. मुंबईत सहा आठवडे काढणं जमत नाही म्हणून दहाव्या फेरीला घरी परतणारे मोजा आधी. सोर्स बदलत नाहीत हा मशीनचा दोष की खरेदी विभागाचा?

स्लाइडवाली
मशीन, मशीन, मशीन. अहो, पेशंट मशीनपर्यंत पोचायच्या आधीच त्याची वाट लागलेली असते, आणि ती लावतात आपले तालुक्याचे सर्जन. स्तनात गाठ दिसली की लोकल भूल देऊन खणून काढायची, "चरबीची होती" म्हणायचं आणि गाठ बादलीत. सहा महिन्यांनी त्याच व्रणात पुन्हा गाठ. पाठवलीच तपासायला, तर सलाईनमध्ये बुडवून! सलाईनमध्ये मांस सडतं. काही जण बाजारातलं फॉर्मॅलिन (मांस टिकवायचं द्रव) तसंच ओततात. ते ३७-४० टक्क्यांचं असतं. एक भाग ते आणि नऊ भाग पाणी, बफर घातलेलं उत्तम. गाठीच्या दहापट तरी द्रव. घट्ट ओतलं तर बाहेरून चामडं, आतून चिखल. मग ईआर (हार्मोनची तपासणी) निगेटिव्ह दिसतं, आणि जिला रोजची २० मिलिग्रॅमची टॅमॉक्सिफेन ही हार्मोन अडवणारी गोळी वाचवू शकली असती तिला ती मिळतच नाही. काही रुपयांची गोळी!

तालुका_सर्जन
झालं, आलं खापर आमच्या डोक्यावर. बाई पहाटेची एसटी धरून येते. पुन्हा येईल याची खात्री नाही. सुई टोचली की कॅन्सर पसरतो हे गावात पक्कं बसलंय. नवरा म्हणतो, "डॉक्टर, आजच काढा, नाहीतर चाललो." मॅमोग्राफी जिल्ह्याला, तीही चालू असेल तर. एसीत बसून डबा कसा भरायचा ते आम्हाला शिकवू नका.

स्लाइडवाली
आजच काढायची तर आजच सुई घाला. १४ गेजची ट्रूकट (तुकडा काढणारी सुई), भुलीला दोन टक्के लिग्नोकेन, चार-सहा तुकडे, दहा मिनिटांचं काम. तुमच्या गाठ खणण्याला त्याहून जास्त लागतं. नुसती एफएनएसी (बारीक सुईने पेशी ओढणं) करून थांबू नका, तिच्यावर हार्मोनची तपासणी नीट होत नाही. लेबल डब्याच्या अंगावर, झाकणावर नाही. झाकणं अदलाबदल होतात. कापलेली वेळ लिहा, कारण फॉर्मॅलिनमध्ये सहा ते बहात्तर तास हे गणित आहे. शुक्रवारी दुपारी एसटी पार्सलला टाकलं आणि सोमवारी सुट्टी निघाली की गेलं. आणि कृपा करून सिरपच्या बाटलीत नको, रुंद तोंडाचा डबा घ्या. आत जाताना मऊ असतं, मग कडक होतं, बाटली फोडावी लागते.

झालं शिकवून.

तालुका_सर्जन
बाटली फोडा, पण आवाज खाली.

रेशनकार्ड_पिवळं
भांडा सावकाश. पण बाईंचा मुद्दा पैशाच्याही मुळाशी आहे. महात्मा फुले योजनेत बायोप्सीचा रिपोर्ट नसेल तर प्री-ऑथ (उपचाराची पूर्वमंजुरी) नाही. गाठ बादलीत गेली म्हणजे पाच लाखांचं कव्हर कागदावर. निदान होईपर्यंतच्या तपासण्या बहुतेक खिशातूनच, शेळ्या तिथेच विकल्या जातात. रिपोर्ट आला तरी पुढे नावाचं लफडं: आधारवर सासरचं नाव, रेशनकार्डावर ती अजून माहेरीच. योजनेचा आरोग्यमित्र म्हणतो तहसीलला जा, तहसीलची पुरवठा शाखा म्हणते माहेरच्या तालुक्यातून नाव कमी केल्याचा दाखला आणा. तीन आठवडे. म्हणून गाठ हाताला लागली त्याच दिवशी रेशनकार्डाचा बारा अंकी नंबर ऑनलाइन दिसतो का ते बघा, रिपोर्टची वाट बघत बसू नका. पांढरं कार्डही आता चालतं, हे सांगितल्याशिवाय कोणी सांगत नाही.

शेवटची_खोली
कोणीच मॉर्फिनचं, त्या जबर दुखण्यावरच्या औषधाचं, नाव काढलं नाही. अर्ध्याहून जास्त लोक उशिरा येतात, त्यांना बरं नव्हे, निदान झोप हवी. २०१४मध्ये एनडीपीएस (अमली पदार्थांचा) कायदा बदलला, मान्यताप्राप्त संस्थेला एकाच परवान्यावर मॉर्फिन ठेवता येतं. तरी रजिस्टर कोण भरणार म्हणून कपाट रिकामं. १० मिलिग्रॅमची गोळी दर चार तासांनी, रात्री दुप्पट म्हणजे झोपमोड नाही, आणि पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध. एवढंच. याला लिनॅक लागत नाही.

माणदेशी
मान्य. माझ्याच लेखातून ते निसटलं. डे-केअरला मी उगाच झोडपलं असंही वाटू नये. टाटाच्या अभ्यासात निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम, मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब, अर्लोटिनिबच्या गोळ्यांसोबत दिलं, तर तोंड-घशाच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये वर्षभर जगणारे १६.३ वरून ४३.४ टक्के झाले. नेहमीचा डोस २४०चा. पण कुपी ४० मिलिग्रॅमची येते. दोन पेशंट एकाच दिवशी बोलावले नाहीत तर निम्मं औषध गटारात. जिल्ह्याच्या सेंटरने असे दोघे जोडीने बोलावले, तर पालकमंत्र्यांनी खुशाल फीत कापावी.

कोबाल्ट६०
म्हणजे सद्गृहस्थ अर्धे बरोबर होते. लिहा तसं त्यांच्या धाग्यावर.

माणदेशी
पाव. अर्धे नव्हे.

तालुका_सर्जन
बाई, ट्रूकटची गन एकदाच वापरायची की सुई फक्त बदलायची?

स्लाइडवाली
दोन्ही मिळतात. तालुक्याला दुसरी परवडते. गन एक, सुई दर पेशंटला नवी.

तालुका_सर्जन
आणि तो रुंद तोंडाचा डबा? लोणच्याची प्लास्टिकची बरणी चालेल?

स्लाइडवाली
चालेल. लोणचं आधी काढा.