स्किझोफ्रेनियात 'जैविक वय' खरंच वाढतं का? आणि ती टेस्ट करावी का?

वॉर्डची_नोंदवही
नमस्कार मंडळी. डीएनएवरच्या खुणांवरून शरीराचं 'जैविक वय' काढणाऱ्या गणितांना घड्याळं म्हणतात. स्किझोफ्रेनियात त्यातल्या हॉरवाथच्या घड्याळावर फरक दिसत नाही आणि ग्रिमएज नावाच्या घड्याळावर वय वाढलेलं दिसतं, असे शोधनिबंध वाचनात येतात. एकाच आजारात असं कसं? दुसरं म्हणजे नातेवाईक खासगी लॅबची 'बायोलॉजिकल एज'ची जाहिरात पुढे करून "करून घेऊ का" विचारतात. त्यांना काय सांगायचं?

मिथिलेशन_कट्टा
दोन्ही घड्याळं वेगवेगळ्या कामाची आहेत. हॉरवाथचं (२०१३) डीएनएवरच्या ३५३ जागांचं मिथिलेशन (डीएनएला चिकटणाऱ्या रासायनिक खुणा) बघून माणसाचं जन्मापासूनचं वय ओळखतं. त्याला शिकवलंय तेवढंच. ग्रिमएज (२०१९) मृत्यूची जोखीम ओळखण्यासाठी बांधलं. त्यात सात रक्तप्रथिनांच्या अंदाजाबरोबर सिगारेटच्या पॅक-इयर्सचाही (रोजची पाकिटं गुणिले ओढल्याची वर्षं) अंदाज धरलेला आहे, आणि स्किझोफ्रेनियात धूम्रपान इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतं. त्यामुळे ग्रिमएज वाढलेलं दिसलं की आधी संशय बिडी-सिगारेटवर घ्यायचा. निबंधात धूम्रपान 'हो/नाही' एवढंच नोंदवलं असेल तर ती दुरुस्ती तोकडी. एएचआरआर जनुकावरच्या सीजी०५५७५९२१ या जागेचं मिथिलेशन धूम्रपानाची खूण म्हणून गणितात घेतलंय का, ते बघा.

शिवाय न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींचं मिथिलेशन वेगळं असतं. नमुन्यात त्यांचं प्रमाण हललं, की एकही पेशी म्हातारी न होता 'वय' सरकतं. औषधांचंही तसंच. व्हॅल्प्रोएट हे मूड स्थिर ठेवणारं औषध तर डीएनएच्या गुंडाळणीवरच्या खुणा काढणाऱ्या हिस्टोन डीअ‍ॅसिटिलेज एन्झाइमलाच अडवतं. त्याला 'औषधं चालू' या एकाच रकान्यात कोंबणारे निबंध मी बाजूला ठेवते.

एमआरआय_वाला
स्कॅनवरून काढलेल्या मेंदूच्या वयाबद्दल भर घालतो. एनिग्मा या आंतरराष्ट्रीय संशोधक गटाच्या एकत्रित एमआरआय विश्लेषणात स्किझोफ्रेनियात मेंदू सरासरी साडेतीन वर्षांनी 'मोठा' दिसला, नैराश्यात साधारण एका वर्षाने. पण एका स्कॅनवरून अंतर कळतं, वेग नाही. मेंदूची वाढच मुळात वेगळी झाली असेल, तरी पंचविशीत तेवढंच अंतर दिसेल. 'लवकर म्हातारपण' म्हणायचं तर त्याच माणसाचे काही वर्षांच्या अंतराने दोन-तीन स्कॅन हवेत.

ओपीडी_बाहेरचा_बाक
नातेवाइकांना सांगा, पैसे वाचवा. रक्ताचा तोच नमुना दोनदा तपासला तर नावाजलेल्या घड्याळांतही नऊ वर्षांपर्यंत फरक पडू शकतो, हे २०२२ मध्ये दाखवून झालंय. नवी गणितं ही गडबड बरीच कमी करतात, पण रिपोर्टात कोणतं गणित वापरलंय ते सहसा लिहिलेलं नसतं. आणि समजा रिपोर्टात वय '४३' आलं, तर उपचारात काय बदलणार?

गंभीर मानसिक आजारात आयुष्य १० ते २० वर्षांनी कमी होतं. त्यात आत्महत्येचा वाटा आहेच, पण मोठा वाटा हृदयविकारासारख्या शारीरिक आजारांचा, आणि त्याची मोजमापं स्वस्त आहेत. ओलान्झापिन किंवा क्लोझापिन (स्किझोफ्रेनियाची, पण वजन आणि साखर वाढवू शकणारी औषधं) सुरू करताना वजन, कंबर, बीपी, उपाशीपोटी साखर आणि लिपिड (रक्तातली चरबी). वजन पुन्हा ४, ८ आणि १२ आठवड्यांनी, मग दर तीन महिन्यांनी. बाकीच्या तपासण्या १२ आठवड्यांनी, नंतर वर्षाला. कंबर शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, उघड्या अंगावर मोजायची. साडीच्या निऱ्यांवरून टेप फिरवला तर मोजमाप वाया. पुरुषांत ९०, बायकांत ८० सेंटीमीटरला सावध व्हायचं. 'उपाशी' म्हणून आलेल्याला चहा घेतला का हे मुद्दाम विचारा. चहाला लोक खाणं धरत नाहीत. मग एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) करता येते, पण लोहाच्या कमतरतेत ती खोटी वाढलेली येऊ शकते, म्हणून हिमोग्लोबिनही बघा. वजन चढू लागलं तर वाट न बघता मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीबद्दल डॉक्टरांशी बोला, आधी किडनीसाठी क्रिएटिनिन.

वॉर्डची_नोंदवही
धन्यवाद दादा. बिडी सोडवली की सगळंच सुधारेल ना?

ओपीडी_बाहेरचा_बाक
सोडवाच, पण क्लोझापिन चालू असेल तर डॉक्टरांना सांगून. धुरातली रसायनं यकृतातलं सीवायपी१ए२ एन्झाइम वाढवतात आणि औषध लवकर संपतं. बिडी थांबली की आठवडाभरात रक्तातली पातळी दीडपट किंवा त्याहून जास्त होऊ शकते. लाळ, गुंगी, मग फिट. हा परिणाम निकोटिनचा नाही, त्यामुळे बिडी सोडून मिश्री किंवा तंबाखू-चुन्यावर आलेल्याची पातळीही तशीच चढते. बिडीबंद वॉर्डात डोस ठरवला आणि घरी गेल्यावर बिडी परत सुरू झाली, की उलटं होतं: गोळ्या नेमाने घेऊनही आवाज पुन्हा ऐकू येतात, आणि घरचे म्हणतात गोळ्या चुकवल्या.

मिथिलेशन_कट्टा
यावरून "मग क्लोझापिनच नको" असं कुणी म्हणेल, म्हणून लिहिते. फिनलंडच्या ११ वर्षांच्या नोंदींत (२००९) सर्वांत कमी मृत्यू क्लोझापिनवर होते, आणि औषध न घेणाऱ्यांत घेणाऱ्यांपेक्षा जास्त. दगावण्याची शक्यता असलेले रुग्ण क्लोझापिनपर्यंत पोचतच नाहीत, हा त्यावरचा आक्षेप रास्त आहे. तरी साखरेच्या भीतीने परस्पर बंद करायला त्यात आधार सापडत नाही. क्लोझापिनने न्यूट्रोफिल घटू शकतात, म्हणून त्यांची तपासणी चुकवू नका, आणि दर भेटीत पोट साफ होतं का ते विचारा. क्लोझापिनच्या बद्धकोष्ठतेने आतडं बंद पडून माणसं दगावतात.