डच इथून शिकून जावं की तिकडे गेल्यावर? सहा जणांच्या बॅचबद्दल मतं हवीत

चिंचवडची_फिजिओ:
नवऱ्याला नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला जॉब लागलाय, चार महिन्यांनी निघायचंय. घराजवळ एक बाई डच शिकवतात, बरीच वर्षं तिकडे राहून आल्यात, बॅचमध्ये सहाच जण घेतात आणि आठवड्यातून तीनदा दीड-दीड तास क्लास असतो. दोन डेमो करून आले, मला फार आवडलं. नवरा म्हणतो ऑफिसात सगळं इंग्लिशमध्ये चालतं, दुकानात बसमध्ये सगळीकडे इंग्लिश येतं लोकांना, अठरा हजार कशाला घालायचे, तिकडे जाऊन शिक.

मला हे पटत नाही. मी आधी अ‍ॅपवर दोन महिने रोज करत होते, शब्द पाठ झाले पण तोंडातून एक वाक्य निघत नव्हतं. इथे सहाच जण असल्यामुळे दर दोन मिनिटांनी आपली पाळी येते, गप्प बसायची सोयच नाही. आणि बाई मराठीतून शिकवतात हे मला सगळ्यात मोलाचं वाटलं. एकवीसला डच लोक ‘एन-एन-ट्विंतख’ म्हणतात, एक आणि वीस, म्हणजे आपलं एकवीसच की! ‘ओमदात’ म्हणजे कारण, तो आला की क्रियापद वाक्याच्या शेवटी जातं, ‘ओमदात इक इन पुणे वोन’, कारण मी पुण्यात राहते. इंग्लिशमधून शिकताना हेच मला उलटंपालटं वाटत होतं. तर माझं मत, जायच्या आधीच आणि छोट्या बॅचमध्येच शिकावं. तुम्हाला काय वाटतं?

आम्स्टेलवेनकर:
तुमच्या मिस्टरांशी सहमत. सात वर्षं इथे आहे, आयटीमध्ये, डचवाचून काही अडलं नाही. टॅक्सचं पत्र येतं डचमध्ये, फोन धरला की भाषांतर होतं. चार महिन्यांत फार तर ए-वन, म्हणजे भाषेची अगदी पहिली पायरी होईल आणि सामान बांधणं, घर शोधणं या गडबडीत त्यातलं अर्धं विसराल. आणि उच्चारांचं काय? आइंडहोवन ब्राबांट प्रांतात येतं, तिकडचा ‘ख’ मऊ असतो, आम्स्टरडामसारखा घसा खरवडून काढत नाहीत. पुण्यात एक शिकायचं आणि तिकडे दुसरंच ऐकायचं. त्यापेक्षा इथे या, लायब्ररीत ‘तालकाफे’ असतात, डच लोक स्वतः बसून तुमच्याशी बोलतात, बऱ्याच ठिकाणी फुकट.

दोन_मुलांची_आई:
दादा, तुमचं अडलं नाही कारण तुम्ही सकाळी ऑफिसला जाता. घरी राहणारीचं अडतं, माझं अडलं. मी काही न शिकता हेगला आले, म्हटलं तिकडे कानावर पडेल तसं येईल. नाही येत हो. बेकरीत मी वाक्य जुळवेपर्यंत काउंटरवरची बाई इंग्लिशवर गेलेली असायची. ती मदत म्हणूनच करते, पण मग मी शिकणार कधी? डच माणसाला आपला अडखळता उच्चार ऐकू आला की तो लगेच इंग्लिश बोलतो, हे इथल्या प्रत्येकाला माहितीय. म्हणून पहिल्या शंभर चुका पुण्यातच, त्या सहा जणांसमोर करून या, म्हणजे इथे ‘डचमध्येच बोला ना माझ्याशी’ एवढं तरी ठामपणे म्हणता येईल.

मुलगी चार वर्षांची झाली आणि शाळेत जायला लागली. चार-पाच महिन्यांत ती फाडफाड बोलायला लागली आणि मी गेटवर बाकीच्या आयांमध्ये नुसती हसत उभी. पालकांच्या ग्रुपवर सगळं डचमध्ये. एकदा उद्या डबा नको, शाळेतच सगळ्यांचा नाश्ता आहे असा मेसेज होता, मी वाचलाच नाही नीट. गोष्ट छोटी, पण पोरगी रडली. ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

आम्स्टेलवेनकर:
ताई, वाईट वाटलं वाचून. पण मुद्दा तोच राहतो, तुम्ही आल्याआल्या इथे क्लास लावला असता तरी हे टळलं असतं.

दोन_मुलांची_आई:
आल्याआल्या? घर, बँक, मुलीची शाळा, थंडी, त्यात ओळखीचं कोणी नाही. पहिलं वर्ष कुठे गेलं कळलं नाही.

नाशिककर:
छोटी बॅच म्हणजे खरंच छोटी आहे का ते बघा. मला आठ जण सांगितले, तिसऱ्या आठवड्यात पंधरा झाले, त्यात निम्मे नवीन, मग पुन्हा पहिल्या धड्यापासून. सहाच्या वर घेणार नाही आणि मध्येच कोणी येणार नाही हे पैसे भरायच्या आधी विचारा.

कागदपत्रवाला:
नियमांचा गोंधळ नको म्हणून लिहितो. नवरा ‘केनिसमिग्रांत’ म्हणजे हायली स्किल्ड व्हिसावर असेल तर बायकोला जायच्या आधी परीक्षा लागत नाही. पण डच नागरिकाशी लग्न करून जाणाऱ्यांना साधारणपणे दूतावासात ए-वन लेव्हलची परीक्षा द्यावी लागते, बोलणं, वाचणं आणि त्या समाजाची माहिती असे तीन भाग. तुमच्यावर सक्ती नाही, पण पुढे नागरिकत्व हवं असेल तर बहुतेकांना पाच वर्षांनी भाषेची परीक्षा आहेच. आणि तुम्ही फिजिओ ना? तिकडे फिजिओथेरपिस्टला ‘बिग’ म्हणजे आरोग्य क्षेत्रातल्या लोकांच्या सरकारी रजिस्टरमध्ये नाव लागतं, बाहेरची डिग्री असेल तर डच यावंच लागतं. पेशंटला कुठे दुखतंय हे इंग्लिशमध्ये विचारून भागणार नाही.

आम्स्टेलवेनकर:
फिजिओ आहेत हे नावात होतं, माझं लक्ष गेलं नाही. मग डच हवंच, मान्य. पण ते ए-वनवर होणार नाही, त्याला वर्ष-दीड वर्ष दणकून अभ्यास लागेल आणि तो इथेच होईल. अठरा हजार त्यासाठी ठेवा, हे माझं मत कायम आहे.

चिंचवडची_फिजिओ:
सगळ्यांचे आभार, तो नाश्त्याचा मेसेज मी नवऱ्याला वाचून दाखवला, त्यानंतर तो काही बोलला नाही. आम्स्टेलवेनकर, पुढचा अभ्यास तिकडेच करावा लागणार हे पटलं, पण तो शून्यापासून सुरू करायचा नाहीये मला. सतरा वर्षांच्या मुलापासून सत्तरच्या आजींपर्यंत पेशंट हाताळलेत मी, त्यांच्याशी बोलल्याशिवाय माझं काम होत नाही. आज फी भरली. सहाच्या वर नाही, मध्ये प्रवेश नाही, हे बाईंकडून कबूल करून घेतलं. आणि मऊ ‘ख’बद्दल विचारलं तर त्या म्हणाल्या की दोन्ही शिकवते, आधी ऐकायला शीक. शुक्रवारी ब्राबांटच्या बातम्या ऐकवणार आहेत.