मदत हवी आहे : चालत्या गाडीवर वीज पडली, आम्ही चौघं आत होतो

नमस्कार मंडळी,

गेल्या शनिवारी आमच्या गाडीवर वीज पडली. गाडी मी चालवत होते, शेजारी बाबा, मागे आई आणि सात वर्षांची लेक. चौघंही धडधाकट आहोत, तेवढं आधी सांगून टाकते. पण तेव्हापासून डोक्याचा भुगा झालाय आणि घरात रोज वाद चालू आहेत, म्हणून हा धागा.

झालं असं. मुसळधार पाऊस, वायपर पळतायत, दोन्ही बाजूंना मोकळं माळरान, वेग चाळीसच्या आसपास. एकदम सगळं पांढरं झालं. आवाज नंतर आला असंही म्हणवत नाही, दोन्ही एकदमच. पुढचे काही सेकंद रस्ता दिसतच नव्हता, डोळ्यांसमोर नुसता जांभळा डाग. ब्रेक दाबून धरला एवढंच आठवतं. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदा लागले, विझले आणि गाडी मेली. आत जळक्या वायरचा वास.

आईचा हात दाराच्या आतल्या हँडलवर होता, तो कोपरापर्यंत झिणझिणला. बाबा "उतरा, उतरा, पेट घेईल" म्हणून ओरडायला लागले आणि आम्ही चौघं भर पावसात बाहेर, गाडीला टेकून उभे. पंधराएक मिनिटं तरी.

पाऊस ओसरल्यावर पाहिलं तर टपावरची अँटेना अर्धीच उरली होती, टोक वितळून मण्यासारखं गोल झालेलं. मागची काच पूर्ण तडकलेली. मागच्या डाव्या चाकाच्या रिमला कडेशी टाचणीच्या डोक्याएवढे दोन-तीन वितळलेले ठिपके, आणि त्या चाकालगत डांबराचा एक टवका उडालेला.

आता प्रश्न. बाबांचं ठाम मत आहे की टायर रबराचे म्हणून वाचलो. मग रिम कशी जळली? आम्ही उतरायला नको होतं का? मेकॅनिक म्हणतो फ्यूज आणि बॅटरी बदलली की गाडी चालेल, विश्वास ठेवू का? आणि आईच्या झिणझिण्या तासाभरात गेल्या, ती "मला काही झालेलं नाही" म्हणून डॉक्टरकडे यायला तयार नाही. ओढून नेऊ का?

भटकभवानी
बापरे! सगळे सुखरूप आहात हे महत्त्वाचं. बाकी बाबा बरोबर बोलतायत की. रबरातून वीज जात नाही हे आपण शाळेत शिकलोच आहोत.

तारयंत्र
भटकभवानी, शाळेतलं रबर घरातल्या विजेपुरतं खरं. ही वीज ढगापासून काही किलोमीटर हवा फोडून खाली आलेली असते, आणि हवा काही कमी विद्युतरोधक नाही. कोरड्या हवेतून ठिणगी उडायला मीटरमागे साधारण 30 लाख व्होल्ट लागतात. इतकी हवा फाडून आलेली वीज रिम आणि रस्ता यांच्यातल्या वीतभर अंतरापाशी येऊन "आता कसं जाऊ" म्हणून थांबेल का? त्यात टायर बाहेरून ओला, आत पोलादी तारा, रबरातही काजळी मिसळलेली. धागाकर्तीच्या रिमवरचे ठिपके आणि डांबराचा टवका, हीच ती उडी. वीज टायरला वळसा घालून किंवा त्यातूनच जमिनीत गेली.

वाचवलं ते पत्र्याने. एकाच जातीचा विद्युतभार एकमेकांना लांब ढकलतो, त्यामुळे धातूच्या पोकळ वस्तूवर तो बाहेरच्या अंगालाच राहतो. शिवाय इतक्या झपाट्याने बदलणारा प्रवाह धातूत खोलवर शिरत नाही, वरच्या वर वाहून जातो. अँटेनातून टप, टपावरून खांब, तिथून खालची चौकट, चाक, जमीन. आतली माणसं त्या वाटेवर येतच नाहीत. मायकेल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञाने हे 1836 मध्ये स्वतः आत बसून पाहिलं. बारा फुटी लाकडी चौकट, तिच्यावर तांब्याची तार आणि कथलाचा वर्ख. बाहेरून यंत्राने इतका भार दिला की पृष्ठभागावरून ठिणग्या उडत होत्या. हा गृहस्थ आत पेटत्या मेणबत्त्या आणि विद्युतमापक घेऊन बसलेला, आणि मापकाला पत्ताच नाही.

आईंच्या हाताचं कारणही यातच आहे. गाडी म्हणजे काही बिनभोकाचा डबा नव्हे, काचा आहेत, सांधे आहेत. त्यातून विजेच्या साध्या झटक्यातला प्रवाह 30,000 अँपिअरच्या घरात. तो पत्र्यावरून जाताना दोन ठिकाणांमध्ये क्षणभर व्होल्टचा फरक पडतो, आणि बॉडीला जोडलेल्या धातूला हात लावून बसलं की त्यातला थोडासा वाटा आपल्याकडे येतो. म्हणून कडकडाट सुरू असताना काचा वर, हात मांडीवर. दाराचं हँडल, रेडिओ, चार्जरला लावलेला फोन, कशालाच हात नको. चालकाने तर गाडी कडेला घेऊन, धोक्याचे दिवे लावून थांबलेलंच बरं, झाडाखाली मात्र नाही. तुमच्या प्रसंगातला सगळ्यात धोक्याचा क्षण माझ्या मते तो जांभळ्या डागाचा होता. समोरून ट्रक आला असता तर फॅरडेने काय केलं असतं?

उतरण्याबद्दल : हो, चुकलंच. पण घाबरून सगळेच ते करतात. वीज पडून गेल्यावर गाडीत भार साठून राहत नाही, त्यामुळे हात लावल्याने शॉक बसणार नव्हता. धोका पुढच्या विजेचा. माळरानात सगळ्यात उंच वस्तूला टेकून चार माणसं उभी, म्हणजे टपावरून उतरणाऱ्या प्रवाहाला आयती शिडीच. खरोखर ज्वाळा किंवा धूर दिसला तर उतरावंच लागतं, नुसता वास आला म्हणून नको. शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून अर्धा तास आत बसायचं.

गॅरेजवाला_नाना
ताई, नुसते फ्यूज आणि बॅटरी? तो मेकॅनिक घाईत दिसतोय. वीज पत्र्यावरून गेली तरी आतल्या वायरिंगमध्ये झटका उठतोच, आणि अँटेनाची तार तर सरळ रेडिओत घुसते. इंजिनाचा कंट्रोल युनिट, अल्टरनेटर, एबीएसचे (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे) सेन्सर, एअरबॅगचा मॉड्यूल, सगळं स्कॅनरला लावून बघायला सांगा. आज गाडी चालू होईल आणि पंधरा दिवसांनी भर रस्त्यात बंद पडेल, अशी तऱ्हा असते या कामाची. मागच्या काचेत गरम करायच्या बारीक तारा असतात, त्यातून प्रवाह गेला की काच अशीच फुटते.

आणि ते डावं मागचं चाक. टायर रिमवरून काढून आतून बघा. बाहेरून नवाकोरा दिसतो, आत पोलादी तारांपाशी जळालेला असतो. त्याच चाकाचं बेअरिंगही फिरवून ऐका. ठिणगी गोळ्यांमधून गेली असेल तर त्यांवर बारीक खड्डे पडतात आणि घरघर ऐकू येते.

नाडीपरीक्षा
मी डॉक्टर आहे. आईंना ओढून न्या. वय आहे, हाताला झटका बसला आहे, एक ईसीजी काढायला दहा मिनिटं लागतात. विजेचा घाव हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर बसतो, म्हणून ते आधी बघतात. चौघांचेही कान तपासून घ्या. इतक्या जवळच्या आवाजाने पडद्याला भोक पडू शकतं, आणि लहान मूल ऐकू येत नाही हे चटकन सांगत नाही. आईंची नजर पुढच्या काही महिन्यांत धूसर वाटली तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका. विजेच्या झटक्यानंतर मोतीबिंदू उशिरा होऊ शकतो.

जाता जाता, धाग्याबाहेरचं आहे पण लिहितेच. उघड्यावर कुणावर वीज पडली तर लोक "करंट लागेल" म्हणून हात लावत नाहीत. त्या माणसात वीज उरलेली नसते. श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबायला घ्या. वीज पडलेल्यांपैकी बहुतेक जण जगतात, जे जातात ते मुख्यतः हृदय थांबल्यामुळे.

एकपेडल
माझी इलेक्ट्रिक आहे, वर अख्खं काचेचं छत. माझं काय?

तारयंत्र
काचेभोवतीची चौकट आणि खांब धातूचेच असतात, वीज बहुतेक वेळा तीच वाट धरते. बॅटरीही गाडीच्या पोटाशी बंद पेटीत असते. वादळात चार्जिंगला लावून ठेवू नका इतकंच, कारण मग झटका घरच्या लाइनमधूनही येऊ शकतो. कापडी टपाची गाडी, फायबरची बॉडी, उघडी जीप, उघडा ट्रॅक्टर आणि दुचाकी, यांच्यात मात्र काही राम नाही. दुचाकीलाही टायर रबराचेच असतात, भटकभवानी. म्हणून मी या टायरच्या समजुतीवर इतका चिडतो.

अजून एक गफलत होते. गाडीवर विजेची चालू तार तुटून पडली असेल तर गोष्ट वेगळी. तिथे प्रवाह सुरूच असतो, त्यामुळे मदत येईपर्यंत आतच थांबायचं. आग लागली म्हणून उतरावंच लागलं तर गाडी आणि जमीन एकाच वेळी शिवायची नाही. दोन्ही पाय जुळवून उडी मारायची आणि पावलं न उचलता घासत लांब जायचं.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. अपडेट देते. आईचा ईसीजी व्यवस्थित, कान चौघांचेही ठीक. स्कॅनरवर कंट्रोल युनिट आणि एबीएसचे दोन सेन्सर गेलेले निघाले. नाना, तुम्ही म्हणालात तसा टायर उतरवला. बाहेरून काहीच नाही. आतून बाजूच्या भिंतीला सुईने टोचावीत तशी तीन भोकं आणि भोवती काळं. बाबांनी त्यावरून बोट फिरवलं आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "टायर नसते तर आणखी जोरात बसली असती." यावर काय बोलू?

तारयंत्र
काकांना विचारा, आगगाडीचा डबा लोखंडी चाकांवर, लोखंडी रुळांवर धावतो. त्यातली माणसं कशी वाचतात?

धागाकर्ती
विचारलं. बाबा गप्प आहेत. पण चारही टायर नवे घ्यायचे म्हणतायत.