चढावर सायकल ‘कट्… कट्’ वाजतेय. कार्बनची फ्रेम गेली समजायची का?

चढउतार:

मंडळी, जरा घाबरून लिहितोय, तेव्हा पसरट झालं तर सांभाळून घ्या.

चौदा महिन्यांपूर्वी कार्बनची एंड्युरन्स, म्हणजे लांब पल्ल्याला आरामशीर अशी, रोडबाइक घेतली. वय ४७, वजन ८२ किलो, कंबर आधीपासूनच रुसलेली, त्यामुळे रेस बाइकच्या वाटेला गेलोच नाही. हँडल थोडं उंच, दोन चाकांमधलं अंतर थोडं जास्त, टायर ३२ मिमीचे. पहिल्याच आठवड्यात १०० किमी करून आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाकून बुटाची नाडी बांधता आली. पैसे वसूल, असं त्याच दिवशी घरी जाहीर केलं. आतापर्यंत ६,२०० किमी झालेत.

गेला महिनाभर चढावर आवाज येतोय. ३४-२८ वर (पुढे ३४ दाते, मागे २८) दम धरून चढत असताना पॅडलच्या प्रत्येक फेरीला एकदा, कोरडा ‘कट्’. कोणी बोटं मोडावीत तसा. सपाटीवर येत नाही, पॅडल थांबवलं की येत नाही. आणि नेमकं याच सुमारास लक्षात आलं की वरच्या नळीवर, हेडट्यूबपासून (हँडलखालच्या उभ्या नळीपासून) वीतभर मागे, नखाएवढा ओरखडा आहे. तो कसा पडला ते मला पक्कं ठाऊक आहे. थांबताना बुटाची क्लीट पॅडलमधून सुटली नाही, उभ्या उभ्या आडवा झालो आणि हँडल गर्रकन फिरून नळीवर आदळलं. तेव्हा मी गुडघा बघितला, सायकल बघितली नाही.

मेकॅनिककडे नेली. त्याने एक चक्कर मारली, ओरखड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, “फ्रेम गेली. कार्बन एकदा वाजायला लागलं की संपलं.” तेव्हापासून उतारावर वेग ४० च्या वर गेला की पोटात गोळा येतो. खरंच गेली का? घरच्या घरी काही कळू शकतं का?

लोखंडी_घोडा:

म्हणून आम्ही स्टील सोडत नाही! नाव एंड्युरन्स आणि जपायचं काचेच्या बरणीसारखं.

मस्करी बाजूला. वॉरंटीचा कागद शोधा, पण फार आशा ठेवू नका. वॉरंटी कारखान्यातल्या दोषाला असते, तुम्ही आडवे झालात त्याला नाही. काही कंपन्या अपघातानंतर नवी फ्रेम सवलतीत देतात, तेवढं विचारून बघा.

मुक्काम_सॅडल:

चढउतार, आधी एक श्वास घ्या. तुम्ही दोन वेगळ्या गोष्टींची मोट बांधलीय. आवाज ही एक गोष्ट, ओरखडा ही दुसरी. मेकॅनिकने दोन्हींचं एकत्र लग्न लावून दिलं आणि तुम्ही अक्षता टाकून मोकळे झालात.

माझ्याकडे सात वर्षं एकच कार्बन एंड्युरन्स आहे, ३८,००० किमी झालेत. २०० पासून ६०० किमीपर्यंतच्या ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब राइड) हिच्यावर केल्या. ६०० ला ४० तास मिळतात आणि त्यातली एक रात्र तरी तुम्ही, सायकल आणि तिचे आवाज एवढंच असतं. तेव्हा कुरकुरीवर बोलायचा मला थोडा अधिकार आहे. एका ४०० च्या ब्रेव्हेत शेवटचे दीडशे किलोमीटर माझी सायकल तुमच्यासारखीच वाजत होती. परत आल्यावर बीबी, म्हणजे क्रँक जिच्यावर फिरतो ती बेअरिंग, बदलली. वाजतच राहिली. परत बीबी बदलली. मग पॅडल, मग चेनरिंगचे बोल्ट. शेवटी निघालं काय, तर मागच्या चाकाचा थ्रू-ॲक्सल (चाक फ्रेमला धरणारा दांडा) कोरडा ठणठणीत. बोटभर ग्रीस लावलं आणि सायकल गप्प. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

आत पोकळ नळ्या असल्या की आवाज सगळीकडे फिरतो. सीटपोस्ट (सॅडलखालची दांडी) वाजते आणि तुम्हाला वाटतं बीबी वाजतेय. म्हणून कानावर भरवसा ठेवू नका, वजन हलवून बघा. त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये, आधी बसून आणि मग उभं राहून चढा. उभं राहिल्यावर आवाज गेला तर सॅडलचे रेल किंवा सीटपोस्ट. दोन्हींत आला तर बीबी, क्रँक, पॅडल, क्लीट, थ्रू-ॲक्सल, डिरेलर हँगर (गिअर बदलणारा डिरेलर मागे जिथे टांगलेला असतो तो तुकडा) यांच्याकडे वळा. उभं राहून हँडल ओढताना जास्त येत असेल तर हेडसेट (हँडल ज्यावर वळतं ती बेअरिंग) आणि स्टेम (हँडल धरणारा तुकडा). यातली बरीचशी तपासणी फुकटात होते.

आता ओरखडा. खरं सांगू? मला तुमच्या आवाजाची काळजी नाही, ओरखड्याची आहे. कार्बन म्हणजे धाग्यांचे थर आणि त्यांना धरून ठेवणारं इपॉक्सी. नळीच्या लांबीच्या दिशेने ते अफाट ताकद घेतं, पण बाजूने एका बिंदूवर टोला बसला की आतल्या आत थर सुटू शकतात. वरून रंगाचा टवका, बस. आणि सुटलेले थर बहुतेक वेळा वाजत नाहीत. त्यात वरच्या नळीच्या मधल्या भागात भिंत सगळ्यात पातळ, कारण वजन वाचवायचं ते तिथेच.

घरी करायचं ते असं. ओरखडा स्वच्छ पुसा. नख आडवं फिरवून बघा, कुठे अडकतं का. अंगठ्याने दाबा. दोन्ही बाजूंना सारखं दबतंय की एका जागी किंचित आत जातंय, कचकचतंय, ते बघा. मग एक नाणं घ्या आणि कडेने हलके टक् टक् करत नळीवरून पुढे सरका, बोटभरही अंतर सोडू नका. चांगल्या कार्बनचा आवाज टणक, कोरडा येतो. थर सुटले असतील तिथे तो एकदम बसका होतो, पिकल्या कलिंगडासारखा. मात्र सांध्यांपाशी भिंत जाड होत जाते, तिथे आवाज तसाही बदलतो, त्याला फसू नका. शंका आली तर अल्ट्रासाऊंड करणाऱ्याकडे न्या, नाणं शेवटी नाणंच.

तोपर्यंत उतारावर जपून. शक्य असेल तर उतारच नको.

उतारावर_ब्रेक:

मुक्काम_सॅडल ताईंच्या प्रतिसादाला एक पुरवणी. चढउतार, तुमची सीटपोस्ट गोल आहे की डी आकाराची? डी आकाराची असेल तर ती धरणारी पाचर वरच्या नळीच्या आत, रबराच्या टोपीखाली असते. ती टोपी सैल झाली की घाम, पावसाचं पाणी, धूळ, सगळं आत उतरतं. पाचर ॲल्युमिनियमची, भोवती कार्बन आणि मध्ये खारट घाम. ॲल्युमिनियम गंजून पांढरी भुकटी धरतं. तीच वाजते, आणि फार वर्षं हात लावला नाही तर सीटपोस्ट कायमची चिकटते. एका मित्राची काढायला दोन माणसं आणि अर्धा दिवस लागला होता.

आणि टायरमध्ये हवा किती भरता?

चढउतार:

डी आकाराचीच आहे. रबराची टोपी… तिचा आकार आठवतोय, पण ती सायकलवर आहे असं छातीठोकपणे सांगता येणार नाही.

हवा ८५ पीएसआय. जुन्या सायकलवर १०० भरायचो, त्यामानाने कमीच ना?

उतारावर_ब्रेक:

३२ मिमीला ८५? मग एंड्युरन्स फ्रेम घेतली कशाला? तुमच्या वजनाला मागे ६५, पुढे ६० पासून सुरुवात करा आणि पुढे अंगाला विचारून कमीजास्त करा. आणि लगेच उठून रिमवर काय छापलंय ते वाचा. हुकलेस रिम (टायर अडकवायला आतून कड नसलेली) असेल तर कमाल ५ बार, म्हणजे ७२ पीएसआयच्या आसपास. त्यावर गेलात तर टायर रिम सोडून जाऊ शकतो.

चढउतार:

वाचून आलो. ‘हुकलेस, कमाल ५ बार’. चौदा महिने मी ८५ भरतोय. फ्रेमची भीती जरा मागे पडली, एवढं मात्र खरं.

मुक्काम_सॅडल:

हवा आत्ताच्या आत्ता सोडा, मग बाकीचं.

सीटपोस्ट काढाल तेव्हा पाचर आधी सोडवून घ्या, ती बहुतेक फ्रेमच्या आत पडायला टपलेली असते. सगळं कोरड्या फडक्याने पुसा, आत टॉर्च मारून बघा. बसवताना ग्रीस आणि कार्बन पेस्ट यांची अदलाबदल करू नका. पेस्ट वाळूसारखी खरखरीत असते, ती सीटपोस्टला जिथे पकड हवी तिथेच. ग्रीस पाचरीच्या आतल्या घसरणाऱ्या बाजूंना आणि बोल्टच्या आट्यांना. आणि टॉर्क रेंच, हाताचा अंदाज नको. पाचरीवर किंवा नळीवर आकडा छापलेला असतो, बहुधा ५ किंवा ६ न्यूटन-मीटर. पोस्ट घसरतेय म्हणून बोल्ट आवळत सुटणं हे कार्बनचं सगळ्यात मोठं दुखणं. पडून फुटलेल्या नळ्या मी कमी पाहिल्यात, आवळून फोडलेल्या जास्त.

स्टँडला लावताना वरच्या नळीला चिमटा लावू नका, सीटपोस्टला लावा. तुमची ती नळी आधीच संशयित.

लोखंडी_घोडा:

पेस्ट, पाचर, पाच न्यूटन-मीटर, पाच बार. माझ्या सायकलला एक पाना आणि शिव्या पुरतात.

मुक्काम_सॅडल:

घोडेसाहेब, तुमच्या नळीत आतून गंज किती हे शेवटचं कधी बघितलंत?

एक मान्य करते, हेडसेटमधून ब्रेकच्या नळ्या घालायची जी टूम निघालीय तिने मलाही वैताग आणलाय. हेडसेटचं साधं बेअरिंग बदलायचं तर बऱ्याच सायकलींना ब्रेकची नळी तोडा, परत तेल भरा. दिसायला देखणं, पण रात्री रस्त्याच्या कडेला बसून ते करायची पाळी ज्याच्यावर येईल त्यानेच त्याचं कौतुक करावं.

चढउतार (अकरा दिवसांनी):

हिशेब देतो.

उभं राहून चढलो, आवाज गायब. बसलो, हजर. सीटपोस्ट काढली. टोपी नव्हतीच. पाचर पांढरी, भुकटी बोटाला लागली, आणि फ्रेम उलटी केल्यावर सीटट्यूबमधून चमचाभर गढूळ पाणी निघालं. पुसलं, सांगितलं तसं ग्रीस, सांगितलं तशी पेस्ट, ६ न्यूटन-मीटर. तोच चढ, तोच गिअर, तीन वेळा चढलो. चेनची सरसर आणि माझी धाप, बाकी काही नाही.

मग नाणं. हेडट्यूबकडून टक् टक् करत निघालो. टण, टण, टण, आणि ओरखड्याच्या एक बोट अलीकडे ‘थप्’. परत मागे गेलो. टण, टण, थप्. मुलीला बोलावलं, तिला काही न सांगता डोळे मिटून ऐकायला लावलं. तिने त्याच जागी हात वर केला. मग जिवाला चैन पडेना, अल्ट्रासाऊंड करून घेतलं. बाहेरचे थर सुटलेत, साडेचार सेंटिमीटर लांब. ओरखडा दिसत होता त्याच्या चौपट.

दुरुस्त होतंय. खराब थर तिरपे घासून काढणार, तिथे नवं कापड आणि इपॉक्सी, मग रंग. वजन थोडंसंच वाढेल म्हणाले. फ्रेम सध्या त्यांच्याकडे आहे.

त्या मेकॅनिकला बरोबर म्हणायचं की चूक, ते मला ठरवता येत नाहीये.

मुक्काम_सॅडल:

बरोबर जागी बोट ठेवून चुकीचं कारण सांगितलं. त्याच्या नादाने फ्रेम फेकून दिली असतीत आणि माझ्या पहिल्या दोन परिच्छेदांच्या नादाने आवाज गेल्यावर खुशाल उतारावर सुटला असतात. नाणं मुलीच्या कानावर तपासलंत हे मात्र फार आवडलं, मला कधी सुचलं नव्हतं.

सीटपोस्ट काढण्याआधी उंचीच्या खुणेला चिकटटेप लावली होती ना?

चढउतार:

टेप?

म्हणजे ते तीन चढ मी कितीवर चढलो देव जाणे. म्हणूनच उजवा गुडघा बोलतोय. जुन्या फोटोत सीटपोस्टचे आकडे दिसतात का बघतो.