मदत हवी आहे: लेपर्ड गेकोचं पिल्लू खात नाही, जबडा मऊ पडलाय (सेलू, जि. परभणी)

सेलूची_मावशी

भाच्याची लेपर्ड गेको (पाळायच्या पालीची एक जात) सध्या माझ्याकडे आहे. तो पुण्यात शिकतो, परीक्षा होईपर्यंत सांभाळ म्हणून ठेवून गेला. तीनेक महिन्यांचं पिल्लू, नाव चिंगी. ब्रीडरची (पैदास करून विकणाऱ्याची) पावती आहे, रानातून उचललेली नाही. आधीच सांगते, कारण पहिला प्रश्न तोच येतो.

आठवडाभरापासून पोटात काही जात नाही. मीलवर्म (खायला घालायची अळी) वळवळला की मान वळवते, झेपही घेते, पण तोंडात धरता येत नाही, निसटून जातो. काल हनुवटीला खालून बोट लावलं तर हाड लागण्याऐवजी रबरासारखं दबलं. चालताना पोट फरशीवरून ओढत नेते, पुढचे पाय फाकलेत, हातावर घेतली की बोटं थरथरतात. शेपटी मात्र अजून बऱ्यापैकी जाड आहे. सोनाराच्या काट्यावर वजन केलं, ९ ग्रॅमच्या जरा वर भरलं. (पैसे घेतले नाहीत, पण नंतर काटा दोनदा पुसला.)

काचेची टाकी, खाली टिश्यू पेपर, एका कोपऱ्यात हीट मॅट (विजेवर तापणारी चटई). दिवसा ठीक असतं. डिसेंबरातली परभणीकडची थंडी तुम्हाला माहीतच आहे, त्यात पहाटे लाइट गेली की मॅट गार. कॅल्शियमची पावडर आहे, पण साधी, व्हिटॅमिन डी-३ नसलेली.

गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांनी म्हशीचं पातळ कॅल्शियम दोन थेंब पाजून बघा म्हटलं, आणि हेही म्हणाले की मी अंदाजानं सांगतोय. पाजलेलं नाही. सासूबाई खायचा चुना लावा म्हणतात. आज रात्री काय करू, आणि न्यावं कुठे?

नांदेडी_सरडेवाला

ताई, चुना अजिबात नको. तो दाहक असतो, एवढ्याशा जिवाचं तोंड नि घसा भाजून निघेल. म्हशीच्या औषधात बहुधा फॉस्फरसही असतो, आणि ९ ग्रॅमच्या जिवाला दोन थेंब किती होतात याचा हिशेब कुणीच केलेला नाही.

तुम्ही सांगताय ती लक्षणं मेटाबोलिक बोन डिसीजची दिसायलीत. मीलवर्म, रातकिडे यांच्यात कॅल्शियम कमी, फॉस्फरस जास्त. त्यात डी-३ नाही, म्हणजे खाल्लेलं कॅल्शियमही नीट शोषलं जात नाही. मग शरीर ते हाडांतून ओढून घेतं. जबडा आणि पाय आधी मऊ पडतात. थरथर म्हणजे रक्तातलंही कमी झालंय. हे घरच्या घरी निभणारं नाही, उद्याच दाखवा.

आज रात्री आधी ऊब. मॅटवरच्या फरशीचं तापमान ३१-३२ अंश असू द्या, दुसरी बाजू २५-२६. हवेचं नाही, जिथं पोट टेकतं तिथलं मोजा, प्रोबवाला थर्मामीटर दोन-अडीचशेत मिळतो. थर्मोस्टॅट नसेल तर मॅटवर जाड फरशी ठेवा, नाहीतर पोट भाजतं. लाइट गेलीच तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून टाकीत ठेवा. ऊब नसेल तर पोटातलं पचत नाही, तसंच कुजतं, म्हणून आधी ऊब, मग खाणं.

तोंड उघडून काही कोंबू नका. मऊ जबडा मोडतो. मीलवर्म चिरडून आतला मगज नाकाच्या टोकाला लावा, चाटून घेते का बघा. तुमच्याकडची पावडर त्यातच चिमूटभर. संपली तर समुद्रफेस काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो, वरचं टणक कवच काढून मऊ भाग वस्त्रगाळ करा. डी-३ त्यात नसतं, तेवढं ध्यानात ठेवा.

आणि शेवटची शी कधी झाली? पोटाच्या कातडीतून निळसर-काळा डाग दिसतो का? पोट तुंबलंय का ते त्यावरून कळतं.

सेलूची_मावशी

परवा झाली. थोडी, पण टोकाला पांढरा भाग होता. डाग दिसत नाही.

कोमट पाण्यात पोटापर्यंत दहा मिनिटं ठेवलं, तेव्हा थोडं पाणी चाटलं. सासूबाई बघत होत्या. म्हणाल्या, "पाल अंगावर पडली की माणसं न्हातात, अन् तुम्ही पालीलाच न्हाऊ घालायलात." त्यावर काही बोलता आलं नाही. मगज मात्र चाटला, दोन वेळा.

तुतीवाला_बीड

खाण्याचं मी सांगतो. आमच्याकडं रेशीम आहे. तुमच्या भागातही तुती लावलेले शेतकरी असतील, नाहीतर चॉकी सेंटरला (रेशमाच्या लहान अळ्या वाढवून देतात तिथं) विचारा. रेशीम अळी मऊ असते, वरचं कवच मीलवर्मसारखं टणक नाही, पाणीही भरपूर. जबडा अधू असलेल्या पिल्लाला तिच्यासारखं खाणं नाही. दोन डोळ्यांमधल्या अंतराहून जाड अळी घेऊ नका.

दोन गोष्टी मात्र विचारून घ्या. कात टाकल्यावर अळ्यांवर चुना किंवा निर्जंतुक पावडर धुरळतात, त्याच्या आधीची बॅच मागा. आणि शेजारी तूर-हरभऱ्यावर फवारणी झाली असेल तर तिथली तुती खाल्लेली अळी नको. शेतातले नाकतोडे पकडून घालायचा मोह होतो, तेही याच कारणानं टाळा.

नांदेडी_सरडेवाला

न्यायचं म्हणाल तर परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला सर्वांत जवळ. उदगीरलाही आहे, पण लांब पडेल. निघायच्या आधी फोन करून सरपटणारे प्राणी बघणारे कुणी आहेत का ते विचारा, म्हणजे ओपीडीत म्हशींच्या रांगेत थांबायला नको. ताजी शी मिळाली तर बंद डबीत न्या, जंतांची तपासणी होते. शेपटी जाड आहे म्हणजे अंगात चरबीचा साठा आहे, हे चांगलं लक्षण. शेपटीला धरून उचलायचं मात्र नाही, तुटते.

सेलूची_मावशी

सकाळच्या गाडीनं निघतेय. डब्याला भोकं पाडलीत, बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवणार. एक्स-रे काढायला भूल द्यावी लागते का? एवढ्या अशक्त पिल्लाला ती द्यायची धास्ती वाटते.

नांदेडी_सरडेवाला

शक्यतो लागत नाही. इतकं मलूल पिल्लू डब्यातच गप बसतं, प्लेटवर डब्यासकट ठेवूनही काढतात. भूल द्यायची म्हणाले तर का ते विचारा. कॅल्शियमचा डोस वजनावर ठरतो, तेव्हा काट्यावरचा आकडा लिहून न्या, आणि तिथं परत मोजायला सांगा.